शाळेची खिडकी आमच्या घरात

गारपीट झाली त्या संध्याकाळी हे शाळेतून घरी आले ते चिंब भिजून, आणि चेहऱ्यावर मात्र कुणाचं लग्न ठरल्यासारखा आनंद. घरात पागोळ्या आत गळत होत्या, वाळत घातलेल्या पापडांचा लगदा झाला होता. मी म्हटलं, "तुम्हाला हसू कशाचं येतंय?"

"शाळेची खिडकी पडली," हे म्हणाले. "मी दुरुस्त करून देतो, म्हणून सांगून आलोय."

राज्य निजामाचं होतं. गावाचं कागदोपत्री नाव उस्मानाबाद, आमच्या तोंडी धाराशिवच. हे तिथल्या सरकारी शाळेत गणित शिकवायचे, तेही उर्दूतून. शाळेच्या मोठ्या दालनाला पश्चिमेकडं एक रंगीत खिडकी होती. कुण्या जुन्या तालुकदारानं हौसेनं हैदराबादेहून आणवलेली. बशीएवढ्या गोल काचा, प्रत्येकीच्या मधोमध भोवऱ्यासारखा फुगीर ठिपका, आणि गोलागोलांमध्ये जी जागा उरते तिथं लाल, निळे, हिरवे चौकोनी तुकडे. सगळं शिशाच्या पट्ट्यांनी एकमेकांत गुंफलेलं. गारांनी ते शिसं वाकलं, वाऱ्यानं चौकट निखळली आणि खिडकी आत पडली. हेडमास्तर ती अडगळीत टाकायला निघाले होते. यांनी ती अंगावर घेतली. यांना खिळा सरळ ठोकता येत नव्हता, हे त्या भल्या माणसाला कुठून माहीत असणार!

दुसऱ्या दिवशी बैलगाडीत कडब्यावर आडवी पडून खिडकी आमच्या दारात आली. दोन खोल्यांचं भाड्याचं घर. दारातून ती मावेना. मागच्या अंगणाकडची कुडाची भिंत काढून ती आत घेतली आणि पुढच्या खोलीत जमिनीवर पसरली. मग आमची पुढची खोली संपलीच म्हणायची. पाहुणा आला की भिंतीला पाठ घासत आत यायचा. मुलगी नुकती रांगायला लागली होती. तिच्या कमरेला धोतराची पट्टी बांधून दुसरं टोक मी जात्याच्या खुंट्याला बांधत असे. लोक बघायचे आणि मलाच निर्दय म्हणायचे.

"आधी कागदावर काढून घ्या," मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. "कुठली काच कुठं आहे ते."

"डोक्यात आहे सगळं," हे म्हणाले.

आणि माझं उलथनं घेऊन शिशाच्या कडा उचकायला बसले. आठवड्याभरात सगळी खिडकी सुटी झाली. गोल काचा एका परातीत, रंगीत तुकडे दुसऱ्या परातीत. सगळं चांगलं घासूनपुसून ठेवलं. मग लावायला बसले, आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागले. डोक्यात काहीच नव्हतं. कधी ओळी सरळ पण मध्ये फट सोडून लावायचे, कधी एक गोल दोन गोलांच्या खाचेत बसवायचे. चौकोनी तुकडे काही केल्या बसत नव्हते.

मला परात हवी होती. घरात दोनच पराती, दोन्हींत काचा, आणि मी कणीक भिजवायची पातेल्यात. एका दुपारी हे शाळेत असताना मी रांगोळीचा डबा काढला, जमिनीवर ठिपके मांडले, ठिपक्यावर एकेक गोल ठेवत गेले. गोल एकमेकांना टेकले की मध्ये चार टोकांची जागा उरते, चांदणीसारखी. रंगीत तुकडे चौकोनी दिसायचे, पण त्यांच्या कडा आत वळलेल्या होत्या. ते तिथं बरोबर बसले. रंग कुठला कुठं, ते मात्र मलाही सांगता येईना. लाल एकीकडं, निळे एकीकडं असं मनानंच लावून टाकलं.

हे घरी आले, उभ्यानंच बघितलं आणि म्हणाले, "बरोबर. मी हेच म्हणत होतो."

 मी पराती उचलल्या आणि विहिरीवर घासायला घेऊन गेले.

शिसं जोडायला यांनी कल्हईवाल्याला बोलावलं. म्हातारा, गोड बोलणारा, आमची भांडी त्याच्याकडंच असायची. "फिकर नक्को करो बाई, उमर गुजरी इसमें," म्हणाला. भाता लावला, कथील वितळवलं, तापलेली सळई शिशाला टेकवली. शिसं लोण्यासारखं खाली ओघळलं आणि शेजारची गोल काच टच्चदिशी तडकली.

"काच कच्ची थी," तो म्हणाला.

"काच कच्ची कशी? पन्नास पावसाळे काढलेत तिनं!" हे ओरडले.

"तो फिर बुड्ढी हो गई होंगी."

दोघं दारात उभे राहून काच कच्ची की म्हातारी यावर भांडत राहिले. आमच्या सासूबाई तुळजापूरच्या. त्या आतून म्हणाल्या, "लई झालं. एक तर काच न्हाय धड, त्यात चूल अडकली." कारण तोवर यांनी शिसं वितळवायला माझी चूल धरली होती. जुनं शिसं लोखंडी पळीत वितळवायचं आणि लाकडाच्या खाचेत ओतून नव्या पट्ट्या करायच्या, असा यांचा बेत. पट्ट्या हातात घेतल्या की मोडायच्या. त्या धुराला असा वास यायचा की मुलगी खोकायला लागली. तेव्हा मात्र मी पळीसकट यांना अंगणात काढलं. "पुन्हा हे शिसं माझ्या चुलीवर दिसलं तर मी माहेरी जाईन," म्हटलं. माहेर बार्शीला, सरहद्दीपलीकडं इंग्रजी हद्दीत. तिथं माझा भाऊ राहायचा.

तडकलेल्या काचेच्या जागी दुसरी आणायला हे सोलापूरला गेले. दुकानदार हसले. अशी भोवऱ्याची काच आता कोण करतंय? आणि शिसं मागितल्यावर तर म्हणाले, मास्तर, लढाई चालू आहे, शिसं सगळं गोळ्यांना जातंय. शेवटी साध्या सपाट काचेचा एक गोल कापून घेतला आणि मोटारीनं परत निघाले. करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे निजामाच्या जकातीच्या चौकीवर, पुडकं उघडायला लावलं.

"यह क्या है?"

"खिडकी की काच."

"खिडकी किसकी?"

"सरकारी मदरसे की."

"मदरसे की है, तो मदरसे में क्यों नहीं है?"

"मेरे घर में है."

त्यापुढं सरकारी खिडकी तुमच्या घरी कशी, याची चौकशी झाली. मोटार खोळंबली, उतारू शिव्या द्यायला लागले. कशीबशी सुटका झाली आणि हे पुडकं तसंच बाकावर ठेवून बसले. पुढच्या थांब्यावर एक धिप्पाड बाई मिरच्यांचं पोतं घेऊन चढली आणि पोतं सरळ त्या पुडक्यावर ठेवलं.

घरी येऊन हे तुकडे मला दाखवत म्हणाले, "बरं झालं. यांचे चौकोन होतील."

मी कपाळावर हात मारला. या माणसावर रागावावं तरी कसं, हेच मला कळत नसे. शाळेत कुणी खिडकीचं विचारलं की हे सांगायचे, होत आली. लढाई संपली तरी ती होतच आली होती. दालनाच्या खिडकीला बांबूचा तट्टा लावलेला, आणि आमच्या खोलीत ती चटईखाली, खाटेखाली, धान्याच्या कणगीमागं. मुलगी चालायला लागली, बोलायला लागली, आणि तिनं शिकलेल्या पहिल्या शब्दांत 'काच' होता.

मग ते वाईट दिवस आले. गावात हत्यारबंद लोक फिरायला लागले, संध्याकाळनंतर कुणी दार उघडेना. शेजारची दोन घरं एका पहाटे कुलूप लावून निघून गेली. भावाचा निरोप आला, सगळे बार्शीला या. गाडी ठरली. एकच गाडी, तीत माणसं चार, थोडं धान्य, अंथरूण, देव. मी बोचकी बांधली आणि बाहेर आले तर गाडीत गाद्या पसरलेल्या. वर हे एकेक गोल काच माझ्या नेसायच्या लुगड्यांत गुंडाळून ठेवत होते.

"अहो, जीव घेऊन पळतोय आपण!"

"शाळेची वस्तू आहे," हे म्हणाले. "माझ्या ताब्यात आहे."

"शाळेला विचारलंय कुणी? हेडमास्तर स्वतः हैदराबादेला निघून गेलेत!"

"म्हणून तर माझ्या ताब्यात आहे."

मी तिथंच गाडीच्या चाकाजवळ बसले आणि रडले. भीतीनं की संतापानं, मला आजही सांगता येणार नाही.  सासूबाईंनी लोणच्याची काचेची मोठी बरणी मांडीवर घेतली आणि गाडीत चढून बसल्या.

वाटेत कुणी अडवलं नाही. सरहद्दीजवळच्या ओढ्यात गाडी आदळली, बरणी सासूबाईंच्या मांडीवरून घसरली आणि फुटली. लोणचं, तेल, सगळं गाडीत. यांनी आधी लुगडी उलगडून काचा बघितल्या. एकही फुटली नव्हती. त्यानंतर आईकडं बघितलं. त्या दिवसापासून सासूबाईंनी लेकाशी बोलणंच सोडलं.

भावाच्या घरी आम्ही बरेच महिने काढले. शाळा नाही, पगार नाही, हातांना काम नाही. हे दिवसभर येरझाऱ्या घालायचे. त्यांची ती अवस्था बघवेना, म्हणून मीच एक दिवस काचा काढल्या. जुन्या बाजारात भावाला शिशाचा पातळ पत्रा मिळाला. हे कात्रीनं त्याच्या पट्ट्या कापायचे, मी त्या गोलाच्या काठावर करंजीला मुरड घालतात तशा दुमडायची. या वेळी डाख द्यायला, म्हणजे सांधे जोडायला, भावाच्या ओळखीचा एक पत्रेवाला आला, तो निदान गप्प बसून काम करायचा. खडूची पूड जवसाच्या तेलात मळून लांबी केली आणि फटी भरल्या. तडकलेल्या काचेच्या जागी काय लावायचं, यावर हे डोकं खाजवत बसले होते. तेव्हा सासूबाईंनी फुटक्या बरणीचं बूड आणून समोर ठेवलं. जाड, हिरवट, गोल. थोडं लहान पडलं, तिथं पट्टी दुहेरी घातली.

"आता तरी ही ब्याद संपवा," त्या म्हणाल्या. लेकाशी पुन्हा बोलायला लागल्या, त्या अशा.

निजामाचं राज्य गेलं आणि आम्ही खिडकीसकट परत आलो. शाळा मराठी झाली होती, हेडमास्तर नवे होते. हे खिडकी द्यायला गेले आणि अर्ध्या तासात परत आले. दालनाला लाकडी फळ्यांची खिडकी बसवून झाली होती. नवे हेडमास्तर म्हणाले होते, ते नवाबी थाट आता कशाला? यांनी वाद घातला नाही. अंगणात खिडकी भिंतीला टेकवली, तिच्यावर पोतं टाकलं आणि न जेवता झोपले.

मला स्वतःचं आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं त्या खिडकीला शिव्या घातल्या, आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन मीच शाळेत गेले. बायका तेव्हा शाळेच्या कचेरीत जात नसत. हेडमास्तर गडबडून उभे राहिले.

"बसा, बाई."

"बसायला आले नाही. ती खिडकी ठेवायला माझ्या घरात आता जागा नाही. शाळेची आहे, शाळेनं घ्यावी."

"पण बाई, भिंतीत जागा नाही हो."

"भिंत तुमची, गवंडी तुमचा. माझ्या मुलीला अंगणात खेळायला जागा नाही, त्याचं काय करू, ते सांगा."

आणखी बरंच बोलले. लुगड्यांचं, चुलीचं, ओढ्याचं, सगळं बाहेर पडलं. ते गृहस्थ वाईट नव्हते. ऐकता ऐकता खाली बसले आणि शेवटी म्हणाले, "आणा. लाकडी खिडकी वर्गाला लावतो."

खिडकी बसली त्या रविवारी मी, हे आणि मुलगी बघायला गेलो. दालन रिकामं होतं. उन्हं कलायला लागली तसे बाकांवर गोल कवडसे पडले, त्यांच्यामध्ये लाल, निळ्या चांदण्या. मुलगी त्यांच्यावर उड्या मारायला लागली. मला बरं वाटलं, नाही म्हणत नाही.

हे मात्र मान वाकडी करून वर बघत होते. "तो तिसऱ्या ओळीतला निळा तुकडा उलटा लागलाय," म्हणाले. "शिडी मिळाली तर—"

"अहो," मी म्हटलं, "घरी चला."