आईचा हात आणि माझे शॉकअ‍ॅब्सॉर्बर

मंडळी, मणक्याच्या ऑपरेशननंतर बाबांना आज घरी आणलं. हॉस्पिटलपासून आमच्या अकोट्यातल्या घरापर्यंत रस्त्यावर बंपच बंप, म्हणून मुद्दाम माझी नवी गाडी नेली. चाक उसळलं की हिचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर क्षणात आपोआप कडक-नरम होतात. ते कधी किती व्हावेत, हे जमवणं माझी नोकरीच आहे.

एकही दणका बसला नाही. तरी आई प्रत्येक बंपआधी बाबांच्या पाठीमागे हात सरकवत होती.

"आई, काढ गं हात. गाडी सांभाळते सगळं," मी तोऱ्यात म्हणाले.

तिने काढला. पुढचा बंप अलगद गेला.

एरवी कुणी धरलेलं खपवून न घेणारे बाबा म्हणाले, "गाडी सरस आहे गं. पण तिचा हात राहू दे."

दारात गाडी थांबली तरी हात तिथेच. मीही दार उघडायची घाई केली नाही. तुम्ही केली असती?