बर्फाची पिशवी

म्हैसूरला आमच्या जयलक्ष्मीपुरमच्या मैदानावर मुलींच्या फुटबॉल संघाचे आकडे ठेवणारे एक गृहस्थ आहेत. कोण किती पळाली, कुणाचा वेग कधी उतरला, सगळं लॅपटॉपमध्ये. गोल झाला तरी टाळी नाही, आधी नोंद. पुढे कोण दमेल, कुणाचा गुडघा दगा देईल, तेही त्यावरून सांगतात. विचारलं की स्क्रीनच आपल्याकडे वळवतात, "नोडी अक्का, तुम्हीच बघा."

काल मी माझ्या लेकीचं विचारलं. त्यांनी लॅपटॉप मिटला. "उद्या तिला खेळवू नका. अंदाजच तो, चुकतो पण."

लेकीने हसण्यावारी नेलं.

आज ती मैदानात उतरली, तसे ते रोजची जागा सोडून माझ्याशेजारी येऊन बसले. मांडीवर लॅपटॉप नव्हता, बर्फाची पिशवी होती.