बाबांचं ‘पानी’

भुताखेताच्या गोष्टी ऐकून हसणाऱ्यांतली मी. डेटा क्लीनिंग हे माझं काम, त्यामुळे विचित्र काही दिसलं की पहिला संशय फाइलवरच. पण हे मात्र...

आम्ही विरारला बोळिंजमध्ये राहतो, मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये. सुजाता माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, दोन मजले खाली राहते. तिनेच मला तिच्या टीममध्ये घेतलं. काम घरूनच. आमच्याच कॉम्प्लेक्सची देखभाल करणारी कंपनी तिची क्लायंट. रहिवाशांनी अ‍ॅपवर टाकलेल्या तक्रारी सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट करायच्या, साफ करायच्या, चार्ट करून द्यायचे. कोणी ‘पाणी’ लिहितो, कोणी ‘पानी’. सगळं एक केलं नाही तर मोजणी चुकते, म्हणून रिप्लेस मारून मी सरसकट ‘पाणी’ करायचे.

“मने, आपल्या विंगच्या पाण्याच्या तक्रारी काढून टाक गं,” सुजाता म्हणाली. “जुन्या आहेत. टाकी धुतलीय.”

काढल्या. सुजाता सांगतेय म्हटल्यावर प्रश्नच नव्हता.

त्याच आठवड्यात माझी तन्वी तापाने फणफणली. डोळे पिवळे. डॉक्टर म्हणाले, कावीळ, कुठलं पाणी पिता? मी ठसक्यात सांगितलं, सोसायटीचं, टाकी नुकतीच धुतलीय! आणि घरी येऊन तेच पाणी पोरीला पाजत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती झोपली होती. मी डेटा रिफ्रेश केला आणि सगळ्यात वर एक नवीन ओळ आली. फ्लॅट नंबर नाही, नाव नाही, तारीख नाही. फक्त मजकूर —

‘पोरीला नळाचं पानी नको देऊ बाय.’

रिप्लेस मारलं. ‘पानी’ तसंच! नाव-नंबर नसलेल्या ओळी काढायची स्टेप लावली, तरी ती जागची हलेना. मूळ फाइल उघडून शोधलं, तर तिथे असली ओळच नाही.

मला ‘बाय’ म्हणणारा एकच माणूस होता. माझे बाबा. अर्नाळ्याच्या बाजूचे, जन्मभर ‘पानी’च म्हणाले. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

शेजारच्या काकूंना तन्वीजवळ बसवलं आणि लॅपटॉप घेऊन तशीच खाली धावले. सुजाता स्वयंपाकघरात होती. कोपऱ्यात पाण्याचे मोठे जार, एकावर एक.

“हे कधीपासून गं?”

“अगं... मुलांना सर्दी होते ना,” ती म्हणाली. मग स्क्रीनवरची ओळ वाचली आणि तिचा चेहरा उतरला. “हे कुणी लिहिलं? डिलीट कर!”

“सुजे, खरं सांग.”

“गटाराची लाइन फुटलीय खाली,” ती हळूच म्हणाली. “क्लायंटने गप्प बसायला सांगितलं. हा क्लायंट गेला तर आख्खी टीम घरी बसली असती मने, तूसुद्धा.”

“माझ्या तन्वीला कावीळ झालीय गं!”

 मी तिथेच ओट्यावर लॅपटॉप ठेवला. काढलेल्या सगळ्या तक्रारी मी परत घातल्या आणि विंगच्या ग्रुपवर चार्ट टाकला. ती ओळ मात्र पुढच्या रिफ्रेशला नव्हती. टीममधल्या दोघा-तिघांना विचारलं. कॅश असेल, म्हणजे सॉफ्टवेअरने साठवलेलं जुनं काहीतरी, म्हणाले. असेल बाबा. पण कॅशमध्ये माझे बाबा कुठून येणार?

तन्वी आता बरी आहे. त्या ओळीचं कोडं मला अजून सुटलेलं नाही, आणि खरं सांगते, तिची भीतीही वाटली नाही. झोप उडते ती दुसऱ्याच गोष्टीने. आजारी पडेपर्यंत तन्वी रोज संध्याकाळी सुजाताच्या मुलांशी खेळायला जायची, घरून भरलेली बाटली गळ्यात अडकवून. खेळून दमली की त्या जारांसमोर उभी राहून बाटलीतलं आमच्या नळाचं पाणी प्यायची. आणि सुजाता बघायची.