जॅकेट लहान, गाऱ्हाणं मोठं

मंडळी, तुमच्याकडे नव्या वस्तूसाठी देवाला गाऱ्हाणं घालतात का? आज आमच्या लालबागच्या घरी घातलं, माझ्या डायव्हिंगच्या जॅकेटसाठी! हवा भरून किंवा सोडून पाण्यात तरंगणं सांभाळायचं जॅकेट.

दुकानात बाबा सोबत होते. स्वतः मालवणचे, पण मी समुद्रात बुडी मारते म्हटलं की धास्तावतात. सगळ्यात मोठं जॅकेट धरून बसले.

"ह्या घे गो. जास्त हवा मावतली."

"बाबा, आपलं पाणी उबदार. सूट पातळ, वजन कमी, त्याला लहानच पुरतं. हवा जास्त झाली तर झपकन वर फेकली जाईन."

"मगे बराच की!"

"नाही हो. सावकाशच वर यायचं असतं, नाहीतर फुप्फुसांना इजा होते."

लहानच घेतलं.

घरी आल्या आल्या बाबांनी जॅकेट देवासमोर ठेवलं आणि नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा! माजा चेडू पाण्याखाली जाता. ताका सुखरूप वर हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई म्हणाली.

बाबा थांबले. माझ्याकडे बघून पुन्हा हात जोडले.

"पण सावकाश हां, म्हाराजा. घाय करू नको."

"व्हय म्हाराजा!" या वेळी आईच्या आधी मीच म्हणाले.