तळ्याचा राखणदार

माथेरानचं तळं बांधलं तेव्हा ठाकर आदिवासींचा झरा त्यात बुडाला, आणि गोऱ्या साहेबानं राखणीला त्यांच्यातलाच एक बसवला. मी माझे भाड्याचे घोडे पाण्यावर नेले की तो काठी आपटायचा. "दादा, घोडं लांब घ्या. पानी सायबाचं हाय."

"तुझ्या बापाचं होतं की रं," मी म्हणायचो. तो हसायचा नाही.

एका उन्हाळ्यात त्याची आई शेवटचं पाणी मागत होती. मी कुणाला भीत नाही. तळ्यातूनच तांब्या भरून नेला. त्यानं तो दारातच ओतला.

"आयच्या तोंडात चोरीचं पानी नाय घालायचं," म्हणाला आणि दरीतल्या झऱ्याकडं उतरला.

वर आला तेव्हा ती गेली होती. त्यानं तिचे ओठ ओले केले, आणि काठी घेऊन राखणीला गेला.