पान पाचवरच्या सात ओळी

दुपारचं जेवण पोटात बसलंय, पंखा कुरकुरतोय आणि वैभवीच्या पापण्या शिसं ओतल्यासारख्या जड झाल्यात. झोपायचं नाहीये तिला! पाच वाजता विद्यापीठाच्या पत्रकारितेच्या अर्जाची मुदत संपते. बारावीला मराठीत कॉलेजात पहिली आलेली पोरगी ती. सगळे रकाने तिनं मोबाइलवर टकाटक भरून टाकलेत. एकच अडून बसलाय. 'प्रसिद्ध झालेली किमान एक बातमी. कात्रण जोडा.' त्याशिवाय अर्ज पुढं सरकतच नाही. आणि वैभवीनं आयुष्यात बातमी लिहिली ती एकच, दोन वर्षांपूर्वी, दिनूकाका गेले त्या दिवशी. ती काही छापून आली नाही.

"पाचच मिनिटं," ती स्वतःला बजावते आणि भिंतीला डोकं टेकते.

"ऊठ की गं वैभे, गाडी लागली!"

दारात दिनूकाका उभे आहेत. तोच बाह्या दुमडलेला सदरा, खिशात दोन पेनं. तीस वर्षं नेसरीच्या बातम्या पेपराला धाडणारा माणूस, चप्पल घालून तयार.

"काका, तुम्ही तर गेलाय ना?"

"व्हय. म्हणून काय गाडी चुकवायची?"

काका माळ्याची शिडी चढायला लागतात, ती मागोमाग. वर माळा नाहीच, एस.टी. आहे. आणि एस.टी.त सीटांच्या जागी वर्गातले बाक, पुढच्या काचेच्या जागी फळा. बाकांवर सगळी ओळखीची माणसं दाटीवाटीनं बसलीत. ओळखीची कशी, तर या सगळ्यांच्या निधनाच्या बातम्या काकांनीच लिहिलेल्या!

"आला बघा, आला!" शेवटच्या बाकावरून सुतार गुरुजी ओरडतात. "दिनकरराव, मी गेलो त्रेसष्टाव्या वर्षी, तुम्ही अठ्ठ्याहत्तर छापलंत. अजून बायको टोमणे मारते!"

"गुरुजी, दिसत होता तेवढं लिहिलं!"

सगळे बाक गदगदा हसतात. वैभवीला एवढ्या मेलेल्या माणसांची भीती वाटायला हवी, पण कुठली भीती! लग्नातल्या पंगतीत बसल्यागत वाटतंय.

तेवढ्यात कंडक्टर खडू घेऊन समोर येतो. "कात्रण दाखवा, कात्रण. कात्रणाशिवाय वर्गात बसता येणार नाही."

"नाहीये माझ्याकडं," वैभवी पुटपुटते.

"मग उतरा."

 खिडकीबाहेर नेसरीचा स्टँड मागं मागं जातोय.  मुदत, रकाना, कोल्हापुरात शिकायला घ्यायची खोली, सगळंच त्या स्टँडबरोबर मागं चाललंय.

"ओ मास्तर, जरा दमानं!" काका कंडक्टरला म्हणतात आणि तिच्याकडं वळतात. "छापली नाही असं तुला कुणी सांगितलं?"

"मी बघितला की अंक. दुसऱ्याच दिवशी. चारदा चाळला."

"दुसऱ्या दिवशी!" काका कपाळावर हात मारतात. "अगं येडे, माझ्या मांडीवर बसून पेपर वाचायला शिकलीस आणि आपलं पान कधी येतं ठाऊक नाही? तालुक्याचं पान मंगळवारी नि शुक्रवारी. मी गेलो शनिवारी. म्हणजे बातमी कधी?"

"मंगळवारी," वैभवी म्हणते. मंगळवारी घरात सुतक होतं. पेपर दारात पडत होते, कुणी उघडत नव्हतं. तेराव्यानंतर काकीनं सगळे सुतळीनं बांधून माळ्यावर टाकले होते.

"आणि धाडलीस कुणाच्या फोनवरनं?"

"तुमच्याच. मला कुठं होता तेव्हा फोन!"

काका मांडीवर थाप मारून असे हसतात, असे हसतात, की बस रस्ता सोडते की काय! "ऐका रं सगळ्यांनी! स्वतःच्या निधनाची बातमी स्वतःच्या नंबरवरनं धाडणारा मी जिल्ह्यातला पयला वार्ताहर!" मग आवाज खाली येतो. "म्हण बघू. आठवतीय?"

तिला न आठवायला काय झालं? ती उभी राहते आणि सातही ओळी खणखणीत म्हणते. काकांचं वय, गेल्याची वेळ, त्यांनी कुठल्या आगीच्या, कुठल्या पुलाच्या, कुणाकुणाच्या बातम्या दिल्या ते. शेवटी, 'त्यांच्या पश्चात पत्नी व एक पुतणी असा परिवार आहे.'

काका डोळे मिटून ऐकतात. "एक शब्द जादा नाही," ते म्हणतात. या माणसानं उभ्या जन्मात कुणाला याहून मोठी शाबासकी दिलेली नाही. "मास्तर, ही माझी पोरगी. आम्ही हिंडून हिंडून शिकलो. ही शिकून हिंडणार हाय. बसू द्या पहिल्या बाकावर."

ती बसते. बाक गार लागतो. फळ्यावर खडू करकरतोय...

पंखा करकरतोय. समोर काकी कमरेवर हात ठेवून उभी.

"झाली का झोप? धन्य आहेस बाई! मघाशी मिटल्या डोळ्यांनी माळ्यावर चढलीस. हाका मारल्या तर 'कात्रण, कात्रण' करतेस. शिडी धरून उभी होते मी, जीव मुठीत घेऊन."

वैभवी हात बघते. दहाही बोटं शाईनं काळी. पायाशी जुन्या पेपरांचा गठ्ठा, सुतळी सुटलेली, आणि मांडीवर उघडा पडलाय मंगळवारचा अंक. पान पाच, डावीकडं खाली, सात ओळी. जशाच्या तशा!

सुरुवात आहे, 'नेसरी (वार्ताहर)'. ती तो शब्द पुन्हा पुन्हा वाचते. वार्ताहर म्हणजे कोण? काका तर बातमीच्या आत होते. बाहेर तीच होती.

काकी वाकून वाचते. दोन वर्षांनी, पहिल्यांदा. शेवटच्या ओळीवर तिचे डोळे भरतात आणि तशातच ती फिसकन हसते. "एक पुतणी! स्वतःला बरोबर घुसवलंस की गं!"

"खरं तेच लिहिलंय," वैभवी म्हणते आणि कात्रणाचा फोटो काढते. चार वाजून वीस मिनिटांनी अर्ज जातो. मोबाइलच्या काचेवर, 'पाठवा' होतं तिथं, तिच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटलाय, रेघ न् रेघ दिसतेय.