फिरंग्याच्या टिंगलीचं गाणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं ती तर आमच्या घरापासून दोन कुंपणं सोडून राहते — तिलाही नाही. मग तुम्हालाच का? कदाचित तुम्ही भुईगावचे नाही म्हणून. ओळखीच्या माणसापुढे मान खाली घालायला मला अजून जमत नाही.

पण थांबा, आधी थोडी फुशारकी मारू द्या. तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या गावात हिंदू आणि ख्रिस्ती घरं एकमेकांना लागून आहेत. आमची केळीची वाडी, पलीकडे त्यांची. सलोखा, सहजीवन हे शब्द आम्ही फक्त भाषणात वापरतो, एरवी एकमेकांची टर उडवतो. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात बायका गायला बसल्या की कुणाची खैर नसते. हिंदूंच्या मांडवात भटजींवर गाणं, ख्रिस्त्यांच्या मांडवात फादरवर गाणं, आणि दोन्हीकडे गाणाऱ्या बायका त्याच! रीत अशी, की ज्याच्यावर गाणं होईल त्याने हसायचं आणि जमलं तर उलट ओळ जोडून उत्तर द्यायचं. रागावला तो हरला. माझ्या लग्नात कोन्सूबायने माझ्या वडिलांवर गाणं केलं होतं — हा माणूस पाहुण्याला केळं देतो आणि साल परत मागतो! वडील ठसका लागेपर्यंत हसले आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दारात आख्खा घड पाठवला. मोबाइलवर दोन ओळी टाकताना माणूस चारदा विचार करतो अशा या दिवसांत मला त्या मांडवाचा फार अभिमान वाटतो. आजही वाटतो.

कोन्सूबाय ही त्याच दोन कुंपणं पलीकडच्या ख्रिस्ती घरातली, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. रोज सकाळी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जाणारी, लाल लुगडं नेसणारी, आणि जिभेला हाड नसलेली. तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं फिरंग्यावरचं, म्हणजे आमच्यावर राज्य केलेल्या पोर्तुगीजावरचं. आजीकडून आलेलं, कोन्सूबायने धार लावलेलं —

फिरंगी आला मांडवाला, टोपी मोठी गो,
मागून खातो आमच्या घरची तांदळाची रोटी गो.
राजा तुझा एवढा मोठा, तुला नाय का जेवायला?
आमच्या दारचा नांगर नेलास, आता आलास कशाला?

चाल मात्र संथ, लांबवत नेलेली. तिखट शब्द असे सावकाश म्हटले की जास्त झोंबतात, असं तिचं म्हणणं. फिरंग्याबरोबर आलेल्या धर्मावर तिची जिवापाड श्रद्धा, आणि फिरंग्याने नांगर नेला याचा रागही तितकाच खरा. एकाच छातीत दोन्ही, आणि तिला त्यात काही अडचण नाही. मला हे फार मोठं वाटतं.

तर — काही वर्षांपूर्वी पोर्तुगालला गेलो ती गोष्ट.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. निवृत्तीनंतर प्रवास आणि प्रवासावरची भाषणं, हा माझा नाद. तिकडच्या एका लहान गावातल्या लोकसंगीताच्या उत्सवाचं बोलावणं मीच खटपट करून मिळवलं आणि आमच्या गावातल्या बायकांना घेऊन गेलो. काही हिंदू, काही ख्रिस्ती. पासपोर्टपासून गरम कपड्यांपर्यंत सगळं मी पाहिलं. गावाने मला हार घातला. तो हार घालून घेताना मी मान जरा जास्तच झुकवली असेल, पण आतून छाती फुगली होती.

तिथे व्यवस्था अशी होती : गाण्याआधी मी इंग्रजीत अर्थ सांगायचा, आणि तेरेझा नावाची तिथली तरुण शिक्षिका तो त्यांच्या भाषेत लोकांना सांगणार. पहिल्या रांगेत नगराध्यक्ष, शेजारी त्यांची म्हातारी आई. मी सुरुवातीला छोटं भाषण केलं. दोन संस्कृती, मोकळेपणाने बोलण्याचा हक्क, एकमेकांचं ऐकून घेणं — असलं बरंच काही. टाळ्या पडल्या. नगराध्यक्षांनी हात हृदयावर ठेवला. आणि मग कोन्सूबाय पुढे आली. हेच फिरंग्याचं गाणं म्हणणार हे तिने घरून निघतानाच ठरवलं होतं. ज्याची टिंगल त्याच्यासमोर करायची — याहून मोठा मान कुठला? विमानात ती मला म्हणाली होती, "दिनू, आता बघ, उत्तर कसं येते ते."

मी माइक हातात घेतला. आणि —

सांगतो. टाळत नाही.

मी म्हणालो, ही आमच्याकडची अंगाई आहे. आई बाळाला निजवते आहे.

का म्हणालो? हा व्हिडिओ गावी जाईल, कुणीतरी म्हणेल की हिंदूने ख्रिस्ती बाईच्या तोंडून फिरंग्यांना बोल लावले — हे कारण मी नंतर स्वतःला खूप वेळा सांगून पाहिलं. खोटं आहे ते. त्या क्षणी माझ्या मनात गावबिव काही नव्हतं. नगराध्यक्ष माझ्याकडे कौतुकाने बघत होते, आणि ते कौतुक मला पुसायचं नव्हतं. बस. इतकंच होतं ते.

कोन्सूबाय मन लावून गायली. नांगराच्या ओळीला तिने नगराध्यक्षांकडे हात केला, "कशाला" म्हणून थांबली आणि वाट बघत राहिली. कोणी हसलं नाही. नगराध्यक्षांच्या आईने डोळ्यांना रुमाल लावला. मग सगळे उभे राहिले, टाळ्या थांबेनात, आणि नगराध्यक्षांनी स्टेजवर येऊन तिचा हात हातात घेऊन त्याचं चुंबन घेतलं. ती गोंधळून माझ्याकडे पाहत होती. मी हसलो. दुसरं काय करणार होतो?

परतीच्या वाटेवर ती इतकंच म्हणाली, "हसले नाय रे. माझी गंमत पोचलीच नाय." मी म्हणालो, तिकडची माणसं अबोल असतात. ही थाप तिने ऐकून घेतली. पण त्यानंतर तिने ते गाणं मांडवात घेतलं नाही. पोरींनी आग्रह केला की दुसरंच काढायची.

आणि मी? मी इथल्या जवळपासच्या गावांत, पापडीला, एव्हरशाईन सिटीतल्या हॉलमध्ये, जिथे बोलावतील तिथे जाऊन छाती फुगवून सांगायचो, की आम्ही फिरंग्याला त्याच्याच अंगणात जाऊन बोल सुनावले आणि त्याने उभं राहून टाळ्या वाजवल्या! अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य याला म्हणतात! लोक भारावून जायचे. उभं राहून टाळ्या वाजवल्या हे खरंच होतं की. अर्धं सत्य किती कामाला येतं हे मला त्या दिवसांत समजलं.

मागच्या हिवाळ्यात तेरेझा भारतात आली. नवरा, कडेवर लहान मुलगी, आणि हौस एकच — कोन्सूबायला भेटायचं. दुभाषा अर्थात मी. कोन्सूबायच्या ओटीवर बसलो, चहा झाला, मुलगी किरकिर करू लागली. तेरेझाने तिला मांडीवर आडवं घेतलं आणि थोपटत गाऊ लागली. मोडक्या उच्चारात, पण चाल अगदी तीच. फिरंगी आला मांडवाला, टोपी मोठी गो. शब्द तिने व्हिडिओवरून ऐकून पाठ केले होते. पोर झोपलं.

कोन्सूबाय आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिली.

"दिनू, तू तिकडं काय सांगितलेलंस यांना? हे गानं कशाचं म्हणून?"

एवढी सरळ वाट कुणाला मिळते? समोर दोघी बसलेल्या. एक वाक्य मराठीत, एक इंग्रजीत, की संपलं. मी म्हणालो, "जे आहे तेच सांगितलं, बाय."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हनजे ही शिवी यांनी पोरांच्या पाळन्यात ठेवली? केवढं मन रे या लोकांचं! आणि मी मेली इतकी वर्षं मनात धरून बसली." तिने उठून तेरेझाला छातीशी धरलं. तेरेझाने मला विचारलं, काय म्हणतात? मी म्हणालो, तुमचा आवाज गोड आहे म्हणतात.

त्या दिवसापासून कोन्सूबायला आकाश ठेंगणं झालंय. मासळीबाजारात, चर्चच्या पायऱ्यांवर, माझ्याच ओटीवर ती हे सांगते आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवते — विचारा दिनूला, तो होता. मी मान हलवतो. गाणं पुन्हा मांडवात आलं आहे. तिने त्याला नवं कडवंही जोडलंय —

फिरंग्याला टोमणा मारला, त्याने हसून झेलला गो,
सातासमुद्रापार नेऊन पाळण्यात ठेवला गो.

फार चांगलं कडवं आहे. अशा ओळी मला सात जन्मांत सुचणार नाहीत, आणि हे बोलताना मला तिचा अभिमान वाटतो. हक्क नसला तरी वाटतो.

गेल्या आठवड्यात ती हे कडवं घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, इंग्रजीत कर आणि तेरेझाला पाठव, तिला कळू दे की आम्ही पन उत्तर देतो. माझ्याशेजारी बसून राहिली, मी मोबाइलवर लिहीत होतो तेव्हा. पाठवलं का, असं विचारून खात्री केली आणि समाधानाने घरी गेली.

मी पाठवलं. त्यात चांदोबा आहे, झाडावर निजलेली पाखरं आहेत, आणि डोळे मिटणारं बाळ आहे.